शाकव्रत आणि सहा चंदू

मासे जेवले की तुळसी जेवायची, आणि मासे फक्त पालक जेवायचे. म्हैसूरच्या गोकुलममधल्या त्या घराची सगळी घडी गेले नऊ महिने एवढ्या दोन गोष्टींवर बसली होती.

तुळसी म्हणजे गोदाची मुलगी, पावणेतीन वर्षांची. मासे म्हणजे हॉलमधल्या चार फुटी काचेच्या टाकीतले सहा सिल्व्हर डॉलर. गोदाच्या तळहाताएवढे, गोल, चपटे, चिंचेने घासून उन्हात ठेवलेल्या ताटल्यांसारखे लखलखीत. सहाही जणांचं नाव चंदू. तुळसीने पहिल्याला चंदू म्हटलं आणि उरलेल्यांसाठी वेगळी नावं शोधायची तिला गरज वाटली नाही.

दुपारी साडेबाराला गोदा पालकाची पानं गरम पाण्यात बुडवून मऊ करायची, दोऱ्याने एका गोट्याला बांधायची आणि टाकीत सोडायची. सहा चंदू चारी बाजूंनी तुटून पडायचे. पाणी झाकणापर्यंत उडायचं, पानाच्या चिंध्या व्हायच्या, एकाच्या तोंडातला तुकडा दुसरा ओढून न्यायचा. ते बघताना तुळसीचं तोंड आपोआप उघडायचं, आणि उघडलं की गोदाचा घास आत. "चंदूला एक, तुळसीला एक." असे बावीस घास. तेविसावा आजवर कधी गेला नव्हता. गोदाने मोजले होते. गोदा सगळंच मोजायची. तुळसी झोपली की श्वास, उठली की शिंका, खेळायला गेली की गुडघ्यावरचे ओरखडे.

गोदा मिरजेची. सूक्ष्मजीवशास्त्रात एम.एस्सी. करून, लग्न होऊन म्हैसूरला आली, आणि त्या शिक्षणाचा उपयोग पुढे इतकाच झाला, की घरातल्या कुठल्या वस्तूवर काय बसलेलं असतं ते तिला नावानिशी माहीत होतं. त्यात जूनमध्ये डॉक्टर नागरत्नांनी तुळसीला काट्यावर बसवलं. दहा किलो सहाशे. "अकरा तरी हवं होतं," त्या म्हणाल्या. "दीड महिन्याने आणा परत. तेव्हाही नाही झालं तर एकदा रक्त तपासून घेऊ." या तीन वाक्यांतलं गोदाला फक्त 'रक्त' ऐकू आलं. त्या दिवसापासून स्वयंपाकघरातल्या कॅलेंडरवर एका तारखेभोवती लाल गोल होता आणि घरातलं कुणीही त्या गोलाकडे बघून बोलायचं टाळत होतं.

टाकी मूळची सासऱ्यांची. तिरुमलराव बागायत खात्यातून निवृत्त झाले आणि जमिनीवर जे करायचं राहिलं नव्हतं ते त्यांनी पाण्याखाली सुरू केलं. हॉलच्या खिडकीला टेकून टाकी ठेवली, म्हणजे सकाळचं ऊन मिळावं. इतकी टेकून, की बाहेरून गजांतून हात घातला तर झाकण उचलता यावं. आत गवताची हिरवळ, नाजूक पानांची झुडपं, मध्ये एक पायवाटसुद्धा. मासे नव्हते. "मासे कशाला? झाडांना त्रास," ते म्हणायचे.

तुळसीच्या दुसऱ्या वाढदिवसाला वादिराजने, म्हणजे गोदाच्या नवऱ्याने, लष्कर मोहल्ल्यातल्या हणमंताच्या दुकानातून हे सहा मासे आणले. हणमंताचं पुढे शिवणकाम आणि मागे माशांच्या टाक्या. मासे तेव्हा रुपयाच्या नाण्याएवढे होते. मोठे होऊन केवढे होतात, काय खातात, हे कॉम्प्युटरवर जगभरच्या चुका शोधून काढणाऱ्या वादिराजला विचारायचं सुचलं नाही. तिसऱ्या दिवशी टाकीतली बाग न्हाव्याने हात फिरवल्यासारखी झाली. तिरुमलराव चष्मा काढून टाकीसमोर बराच वेळ उभे राहिले.

"वादी," ते म्हणाले, "तू मासे नाही आणलेस. पाण्यातल्या शेळ्या आणल्यास."

परत द्यायचे म्हटलं तर तुळसीने त्याच दुपारी टाकीसमोर बसून आयुष्यात पहिल्यांदा वाटीभर भात संपवला होता. शेळ्या राहिल्या. तिरुमलरावांनी वाचून वाचून तह शोधला. चामड्यासारखी जाड, कडू पानांची झाडं लावायची, आणि दिवसातून दोनदा पोटभर पालक द्यायचा. पोट भरलेलं असलं की मासे झाडांना हात लावत नाहीत. म्हणजे तोंड. फक्त एका कोपऱ्यात, दगडामागे, बारीक जाळीच्या आड त्यांनी बेंगळुरूहून मागवलेलं एक तांबड्या पानांचं झाड वाढवलं होतं. जाळीपाशी एक चंदू नेहमी पहाऱ्याला असायचा.

मासे मोठे झाले तसे घराचे नियम बदलले. कुकरची शिट्टी झाली की सहाही जण दचकून एकदम काचेवर आदळायचे, म्हणून भात पातेल्यात शिजू लागला. मिक्सरच्या आधी खिडकीचा पडदा टाकीवर ओढायचा. दार आपटायचं नाही. तिरुमलराव शिंक आली की अंगणात जायचे.

आणि मग आषाढातली एकादशी आली.

माध्व वैष्णवांच्या घरात चातुर्मासाचा पहिला महिना शाकव्रताचा. भाजी नाही, पाला नाही, मिरची-चिंचसुद्धा नाही. मूग, मिरी, जिरं, आंबटाला कैरी, आणि दहीदूध. सासूबाई वरलक्ष्मीबाई हे व्रत चाळीस वर्षं पाळत होत्या. गोदाचं हे पाचवं वर्ष. माशांचं पहिलं.

"गोदे, उद्यापासून घरात सोप्पू-बिप्पू काही आणायचं नाही हं," सासूबाईंनी आदल्या दिवशी फ्रिज रिकामा करता करता सांगितलं. पालेभाजीला त्या सोप्पूच म्हणायच्या. चार पिढ्या म्हैसुरात काढलेल्या त्या घरात पालेभाजी हा शब्द गोदासोबत आला होता.

"हो आई. पण माशांचा पालक?"

"एनु? काय?"

"चंदूंचा. म्हणजे तुळसीचा. ते खाल्ल्याशिवाय ती..."

सासूबाई हातात कोथिंबिरीची जुडी धरून थांबल्या. हा प्रश्न चाळीस वर्षांत आला नव्हता. "लहान मुलांना व्रत नसतं," त्या विचार करत म्हणाल्या. "पण तुळसी कुठे भाजी खाते? आणि मासे काही लहान नाहीत आता. बघ की केवढे झालेत. देवघराच्या भिंतीला लागून राहतात. तेही घरातलेच अल्ला? नाही का?"

"आई, ते मासे आहेत."

"मग? ह्या घरात दाराच्या आत महिनाभर पान येत नाही. बेडा म्हणजे बेडा, नको." तरी त्यांनी मठातल्या आचार्यांना फोन केला. आचार्यांनी आधी मासे कुठल्या जातीचे ते विचारलं, मग मत्स्य हा पहिला अवतार असल्याची आठवण करून दिली, मग दोन दिवसांची मुदत मागितली. त्यानंतर त्यांचा फोन लागला नाही.

"तोवर मूग भिजवून घाल," सासूबाई म्हणाल्या. "आपण खातो तेच. चांगलं असतं."

पहिल्या दिवशी साडेबाराला गोदाने भिजवलेले मूग टाकीत सोडले. सहा चंदू सवयीने तुटून पडले. प्रत्येकाने एकेक मूग तोंडात घेतला, क्षणभर थांबला, आणि थुंकला. स्वच्छ, नेम धरल्यासारखा थुंकला.

तुळसीने हे नीट पाहिलं. मग तोंडातला मूगडाळभाताचा घास तिनेही तसाच काचेवर थुंकला.

"चंदू थू," तिने गोदाला समजावून सांगितलं.

त्या दुपारी दोन घास गेले. संध्याकाळी एक. रात्री तिरुमलरावांनी जाळीमागच्या तांबड्या झाडाची पानं मोजली आणि झोपायला गेले. सासूबाई स्तोत्र म्हणता म्हणता दोनदा चुकल्या, जे कधी होत नसे. स्वयंपाकघरात लाल गोल तेवढा दिसत होता.

दुसऱ्या दिवशी गोदाने आयुष्यातला पहिला गुन्हा केला. तुळसीला साडेदहाला बालवाडीतून आणताना तिने कोपऱ्यावरच्या गाडीवरून पालकाची जुडी घेतली, तुळसीच्या जास्तीच्या कपड्यांच्या पिशवीत, पायजम्याच्या आत गुंडाळली, आणि घरात शिरली. सासूबाई देवघरात होत्या. मासे जेवले. तुळसी एकोणीस घास जेवली. गोदाने उरलेला पालक ओल्या फडक्यात बांधून कपाटात, तुळसीच्या लोकरी टोप्यांच्या मागे ठेवला. पाप तर झालंच होतं. पण रक्ताची तपासणी आणि पाप यांत तिने पाप निवडलं.

चार दिवस बरे गेले. पाचव्या दिवशी गोदाने पालक सोडला आणि एकही चंदू हलला नाही.

सहाही जण टाकीच्या मागच्या बाजूला, एकाखाली एक, कपाटात लावलेल्या ताटांसारखे उभे होते. पालक त्यांच्या नाकासमोरून तरंगत गेला. एकाने त्याच्याकडे पाहिलं आणि तोंड फिरवलं. तुळसीनेही तोंड फिरवलं.

"चंदूला नको," ती म्हणाली. "तुळसीला नको."

नऊ घास. दुसऱ्या दिवशी आठ. मग सात. गोदाला मासे आणि मुलगी, सगळेच आजारी दिसू लागले. ती पहाटे उठून तुळसीचं कपाळ बघायची आणि मग टाकीचं पाणी. पाणी गढूळ होतं. आजाराची सुरुवात अशीच होते, हे तिने स्वतः परीक्षेत लिहिलं होतं. माशांचा आजार मुलीला होतो का, यावर ती फोनवर तासभर वाचत बसली आणि जे वाचायला नको तेही वाचलं.

शेवटी एका सकाळी तुळसीला सासऱ्यांकडे सोडून ती लष्कर मोहल्ल्यात हणमंताकडे गेली. हणमंताच्या गळ्यात मापाची पट्टी होती आणि मागे टाक्यांचे पंप बुडबुडत होते. गोदाने फोनवर माशांचा व्हिडिओ लावून पुढे धरला.

हणमंताने तो दोनदा पाहिला. मग कात्री खाली ठेवून तिसऱ्यांदा पाहिला.

"किती मोठे केलात हो अक्का," तो आदराने म्हणाला.

"तुम्ही म्हणाला होतात, एवढेच राहतात."

"मी कधी म्हटलं? साहेबांनी विचारलंच नाही. आम्ही ब्लाउज शिवतो ना, आत मार्जिन सोडतो. देवाने ह्या माशांना तसंच मार्जिन सोडलंय. उसवत जायचं, वाढवत जायचं."

"ते आजारी आहेत हणमंता. काही खात नाहीत. पाचसहा पानं देते तीही शिवत नाहीत."

हणमंताने पडद्यावर बोट ठेवलं. "हे बघा. इथे पोट. आजारी माशाचं पोट आत जातं, कंबरेत टक घातल्यासारखं. ह्यांचं बघा. बटण तुटायला आलंय. हे आजारी नाहीत अक्का. हे जेवलेत."

"कुठून जेवतील? आमच्याकडे शाकव्रत आहे."

"तुमच्याकडे आहे," हणमंत म्हणाला. "त्यांच्याकडे नाही. कुणीतरी घालतंय." आणि मग सहज विचारलं, "बाळाचं झबलं शिवून घ्यायचं होतं का काही?"

रिक्षातून परतताना गोदाने सगळ्यांना नजरेसमोर उभं केलं. आतापर्यंत तिने माशांवर लक्ष ठेवलं होतं, मुलीवर ठेवलं होतं, पाण्यावर ठेवलं होतं. मोठ्या माणसांवर लक्ष ठेवायचं असतं हे तिच्या डोक्यातच आलं नव्हतं.

घरी येताच तिने टाकीच्या गाळणीची जाळी उघडली. आत तिच्या पालकाचा देठ होता. काकडीच्या सालीची एक फीत होती. शेवग्याची बारीक गोल पानं होती. आणि एक कुरळं, फिकट हिरवं पान होतं, जे या घरात व्रत नसतानाही कधी आलं नव्हतं.

"मामंजी," तिने विचारलं, "टाकीत शेवग्याचा पाला कुठून आला?"

तिरुमलराव पेपर वाचत होते. "वाऱ्याने."

"टाकीला झाकण आहे."

"आषाढातला वारा आहे," ते म्हणाले आणि पान उलटलं.

काकडीबद्दल सासूबाईंना विचारायची तिची छाती झाली नाही. चाळीस वर्षं व्रत करणाऱ्या बाईला असं विचारणं म्हणजे देवळात जाऊन देवाचा पत्ता विचारणं. शिवाय सासूबाई त्या वेळी नेहमीसारख्या बाहेर होत्या. हल्ली त्या सकाळी अकरालाच जास्वंदीची फुलं काढायला जायच्या आणि खिडकीखाली ठेवलेल्या स्टुलावर चढायच्या. जास्वंदीचं झाड त्यांच्या कमरेएवढं होतं. स्टूल कशाला, हा प्रश्न गोदाला पडायला हवा होता. पण त्या वेळी ती रोज गच्चीवर कपडे वाळत घालत असे, आणि वरून तिला एवढंच दिसे की रस्त्याने चटई काखेत मारून योगाच्या वर्गाला जाणारी एक परदेशी मुलगी त्यांच्या खिडकीकडे बघून थांबते, डोळे मिटून हात जोडते आणि पुढे जाते. गोदाला वाटायचं, आतल्या देवाच्या फोटोला असेल.

संध्याकाळी तिने वादिराजला धरलं.

"टाकीत काहीतरी हिरवं टाकलंस?"

"मी? छे. मला तर लेट्यूस कसं दिसतं तेही माहीत नाही."

"मी लेट्यूस म्हटलं नव्हतं. हिरवं म्हटलं होतं."

वादिराज बूट काढत होता. त्याने तोच बूट परत घातला. "एकदाच," तो म्हणाला. "ऑफिसच्या कॅन्टीनमध्ये उरतं. डब्यात आणलं. तुळसी जेवत नाही म्हणालीस म्हणून. आईला सांगू नकोस."

"मी रोज पालक आणते," गोदा हळूच म्हणाली. "आईंना सांगू नकोस."

लग्नाला पाच वर्षं झाली होती, पण एवढं एकमेकांच्या बाजूचं त्यांना क्वचित वाटलं होतं. गोदाने स्वतःचा पालक अर्ध्यावर आणला. मासे तरीही ढिम्म. तुळसी सातवर. आणि लाल गोल येऊन ठेपला.

दवाखान्यात सगळेच निघाले. गोदाने नको म्हटलं होतं. पण सासूबाई म्हणाल्या, "मी येते, इंजेक्शन दिलं तर रडेल," तिरुमलराव म्हणाले, "गाडीत जागा आहे," आणि गाडी वादिराजची होती. व्रत संपायला सहा दिवस होते. वाटेत तुळसी एकेका दुकानाकडे बोट दाखवून "चंदू" म्हणत होती.

डॉक्टर नागरत्नांनी तुळसीला काट्यावर बसवलं. गोदाने डोळे मिटले. मनात तिने दहा किलो चारशे धरले होते. तीनशे असले तर काय, हेही ठरवून ठेवलं होतं. मिरजेच्या आईला फोन, मग मोठं हॉस्पिटल, मग बेंगळुरू.

"अकरा किलो शंभर," डॉक्टर म्हणाल्या.

गोदाने डोळे उघडले. "काटा बिघडलाय."

"काटा परवाच तपासलाय."

"मॅडम, ती काही खात नाही. मी मोजलेत. काल दुपारी सात घास. परवा सात. त्याआधीही सात."

डॉक्टरांनी चष्म्यावरून आधी गोदाकडे आणि मग दाराशी रांगेत उभ्या असलेल्या तीन मोठ्या माणसांकडे पाहिलं. तिघंही भिंतीवरचा लसीकरणाचा तक्ता वाचत होते. मग त्या तुळसीकडे वाकल्या आणि कन्नडमध्ये विचारलं, "काय गं, सकाळी काय खाल्लंस?"

"दहीपोहे," तुळसी म्हणाली.

"दहीपोहे कुठले?" गोदा म्हणाली. "सकाळी मी अंघोळीला..."

"अज्जाने. चंदूला शेवगा, तुळसीला पोहे." तुळसीला हा विषय आवडला. तिने एक बोट दुमडलं. "मग अज्जी. चंदूला काकडी, तुळसीला पायस. तूपवालं." दुसरं बोट. "मग आई." इथे तिने तोंड वाकडं केलं. "मग अप्पा आला. चंदूला कुरकुर पान, तुळसीला चपाती. गूळवाली."

"एकदाच?" गोदाने वादिराजला विचारलं.

"रोज एकदाच," वादिराज म्हणाला.

मग तुळसीला काहीतरी आठवलं. तिने ओठांवर बोट ठेवलं आणि सगळ्या दवाखान्याला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, "शू. आईला सांगायचं नाही. अज्जीला सांगायचं नाही. अज्जाला सांगायचं नाही."

डॉक्टर नागरत्ना खुर्चीत बसल्या. "म्हणजे हे मूल दिवसातून चार वेळा जेवतं," त्या गोदाला म्हणाल्या. "दुपारी तुम्ही सात घास घालता तेही कसे घालता कोण जाणे. रक्तबिक्त काही नको. आणि त्या चंदूलाही जरा कमी घाला."

गोदाच्या डोळ्यांत पाणी आलं. दीड महिना मानेवर ठेवलेला दगड कुणी उचलला की मान काही वेळ अवघडलेलीच राहते, तसं तिचं झालं. आनंद होता, आणि आपण इतकं टक लावून बघत होतो आणि सगळं आपल्या पाठीमागे चाललं होतं, याची थोडी लाजही होती. तिने तुळसीला उचललं. खरंच जड लागली. इतके दिवस हात दुखत होते ते आपल्याच अशक्तपणामुळे, असं तिला वाटत होतं.

गाडीत बसल्यावर तिने धीर केला.

"आई, पण तुमचं व्रत?"

"व्रताला काय झालं?" सासूबाई ताठ बसल्या.

"काकडी..."

"काकडी घरात कुठे आणली? कोपऱ्यावरच्या घरी, नागवेणीकडे ठेवते. अकराला आणते, स्टुलावर चढते आणि खिडकीतून टाकीत टाकते. दाराच्या आत एक साल आलेली नाही. विळीसुद्धा लावली नाही, हाताने मोडली. पोरीला पायससुद्धा गजांतूनच भरवलं, म्हणजे काकडीचा हात घरात नको."

तिरुमलराव पुढच्या सीटवरून वळले. "मीही खिडकीतूनच. तुझं स्टूल रोज थोडं सरकलेलं असायचं, तेव्हाच मला वाटलं."

"मला वाटलं मांजर," सासूबाई म्हणाल्या.

"मीही आत शिरायच्या आधी खिडकीतूनच द्यायचो," वादिराज म्हणाला. "दाराच्या आत नको, असं आईच म्हणाली होती ना."

गाडीत समाधान पसरलं. तिघांनीही नियम पाळला होता. मग हळूहळू तिघांच्याही माना गोदाकडे वळल्या.

गोदा बाहेर बघू लागली.

"गोदे," सासूबाई म्हणाल्या. "तू कुठून टाकत होतीस?"

"मी..."

"खिडकीतून अल्ला?"

"पिशवीतून," गोदा म्हणाली. "तुळसीच्या पायजम्यात गुंडाळून. दारातून."

"अय्यो," सासूबाई म्हणाल्या. "आणि ठेवलास कुठे?"

"टोप्यांच्या मागे. कपाटात."

चाळीस वर्षांचं व्रत ज्या कपाटाच्या शेजारच्या खोलीत चाललं होतं, त्या कपाटात पालक. सासूबाईंनी डोळे मिटले आणि ओठ हलवले. गोदाला वाटलं, आता मिरजेपर्यंत ऐकू जाणार. सासूबाईंनी डोळे उघडले तेव्हा तुळसी त्यांच्या मांडीवर सरकून बसली होती आणि त्यांच्या बांगड्या मोजत होती.

"किती भरली म्हणालीस?" त्यांनी विचारलं.

"अकरा किलो शंभर."

"इरली," सासूबाई म्हणाल्या. राहू दे. "कपाट मी पुसून घेते. त्यातलं थोडं वजन तुझ्या पालकाचंही असेल." आणि जरा वेळाने, "पण एम.एस्सी. झालेल्या पोरीला खिडकी दिसू नये?"

त्या दिवशी तह नव्याने झाला. माशांना दिवसातून दोनदाच, एकाच माणसाने, खिडकीतून. उरलेले सहा दिवस ते काम गोदाकडे, दंड म्हणून. तिरुमलरावांनी जाळीमागचं तांबडं झाड तपासलं. पहाऱ्यावरच्या चंदूने जाळी एका कोपऱ्यात उचलून दोन पानं सोडून बाकी उडवली होती. "ह्याला शिंगं फुटतील एक दिवस," ते म्हणाले.

दोन दिवस माशांना भूक नव्हती. तिसऱ्या दिवशी दुपारी गोदा पालकाची जुडी घेऊन स्टुलावर चढली. श्रावणाची भुरभुर चालू होती; पदर डोक्यावर घेऊन तिने एक हात गजांतून आत घातला आणि झाकण उचललं. आत सासूबाई वाटी घेऊन बसल्या होत्या आणि त्यांच्यापुढे तुळसी, काचेला नाक लावून. पान पाण्याला टेकायच्या आधीच सहा चंदू वर आले. पाणी गोदाच्या कोपरापर्यंत उडालं.

"हळू गं," सासूबाई आतून म्हणाल्या.

रस्त्यावर वर्गावरून परतणारी ती चटईवाली मुलगी थांबली होती. आज खिडकीशी निराळी बाई बघून ती क्षणभर गोंधळली, मग डोळे मिटून तिने हात जोडले. गोदाचा एक हात टाकीत होता आणि दुसऱ्यात जुडी. तिने जुडीच थोडी वर करून मान झुकवली. मुलगी समाधानाने पुढे गेली.

गोदाने मोजायचं नाही असं ठरवलं होतं. गजांतून नीट दिसतही नव्हतं. पण सासूबाईंना तिची सवय माहीत होती, आणि आता तर कारणही. त्या आतून, तिला ऐकू जाईल असं, मोठ्याने मोजत होत्या. वीस. एकवीस. बावीस. मग आवाज थांबला. गोदा स्टुलावर टाचा उंचावून आत डोकावली. एका चंदूने तिच्या बोटाला पान समजून ओढून पाहिलं.

"तेवीस," सासूबाई म्हणाल्या. "आणखी एक पान टाक."